बगलफूट

टोमॅटोचे स्वभाव दोन. एक ठरावीक उंचीला पोचला की थांबतो, दुसऱ्याला थांबणं ठाऊकच नसतं. रोपवाटिकेतला माणूस यातला कोणता आपल्या पिशवीत घालतोय ते सांगत नाही. विचारलं तर "लावा हो ताई, येतं" एवढंच म्हणतो. ते खोटं नसतं. येतंच. कुठवर येतं, हे आपण विचारलेलं नसतं.

पहिल्या स्वभावाचं झाड म्हणजे राज्य सरकारी नोकर. वयाची ५८ वर्षं भरली की टेबल आवरून निघायचं, तसं हे दोन-अडीच फुटांवर पोचतं, शेंड्यालाच फुलांचा घोस धरतं, थोडक्या आठवड्यांत सगळी फळं आपल्या हवाली करतं आणि मोकळं होतं. दुसऱ्याला निवृत्तीचं वय नाही. पाणी, ऊन आणि आधार मिळत राहिला तर ते फुलत, फळत वर जात राहतं. कुणी त्याला उंच टोमॅटो म्हणतं, कुणी वेली टोमॅटो. शेतीच्या पुस्तिकेत 'अमर्यादित वाढीची जात' असं भारदस्त लिहिलेलं असतं. आमच्या घरात त्याला नुसतं 'तो' म्हणतात. "त्याला पाणी घातलंस का?" असं सासूबाईंनी आतून विचारलं की पाहुणे आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात.

खरं तर थांबणं टोमॅटोच्या रक्तातच नाही. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या अँडीज भागातले, जमिनीवर आणि झुडपांवर हवे तसे पसरणारे. १९१४ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात आपली वाढ आपणच आवरणारं एक झाड आढळलं. एका जनुकातला एवढासा बदल, पण पुढचा सगळा सॉस त्याच्यावर उभा आहे. झाडं बुटकी झाली, फळं एकदम पिकू लागली, यंत्रानं एका फेरीत शेत रिकामं करता येऊ लागलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या जुन्या जातींत 'पुसा रूबी' आणि 'पुसा अर्ली ड्वार्फ' अशा दोघी आहेत. दोघींच्या पालकांत 'इम्प्रूव्हड मेरुती' हे एक नाव समाईक, म्हणजे नातं सावत्र बहिणींचं. त्यातली एक नावाप्रमाणे बुटकी राहिली, दुसरी थांबायला तयार नाही. घराणं बघून माणसाची पारख करणाऱ्यांनी वधूवर सूचक मंडळात जाण्याआधी या दोघी शेजारी शेजारी लावून पाहाव्यात.

माझ्याकडे आली ती रूबी. फळ चपटं-गोल, देठाशी किंचित वळ्या पडलेलं, चवीला आंबट. हल्लीच्या टणक, लांबट, एका मापाच्या टोमॅटोंच्या ढिगात ते कुणी उचलणार नाही. सार मात्र असं होतं की नारळाचं दूध घालताना हात आखडता घेतला तरी चालतं.

उंच टोमॅटो लावणाऱ्याच्या पहिल्या कामाचा टोमॅटोशी संबंध नसतो. बांबू आणायचा असतो. रोप वीतभर असतानाच कुंडीत बांबू रोवावा लागतो, कारण नंतर खुपसला तर मुळं दुखावतात. वीतभर रोपाशेजारी आठ फुटी बांबू उभा केला की घरी येणारा प्रत्येक माणूस हसतो. ते हसू डिसेंबरपर्यंत टिकतं. पुण्यात बुरुड आळीतून बांबू घेणं सोपं. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवणं ही खरी बागकामाची परीक्षा. रिक्षात तो आडवा बसत नाही, उभा बसत नाही. लिफ्टमध्ये तिरका बसतो, पण मग माणूस बसत नाही. शेवटी जिन्यानं आणताना वळणावर कुणाच्या ना कुणाच्या दारावरचं तोरण त्याच्या टोकाला अडकतंच.

पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगावच्या आसपास गेलात तर बांबू, तार आणि सुतळी यांची रांगच्या रांग दिसते. गाडीतून जाताना आपण "वा, काय हिरवंगार!" म्हणतो. एकरभर झाडं हातानं बांधायची, ती वाढली की पुन्हा वरून बांधायची, ही मजुरी त्या हिरव्यात दिसत नाही. मला एका झाडाची सुतळी बांधताना कंबर धरते. बांधायची रीत अशी की सुतळीचा एक वेढा बांबूला आवळून आणि दुसरा खोडाभोवती सैल, मधे पीळ. खोड जाड होत जातं. आज शोभणारी गाठ महिन्यानं त्याचा गळा आवळते.

आणि रोप खोल लावायचं. खालची पानं काढून टाकून खोडाचा बराचसा भाग मातीत गेला तरी टोमॅटोची तक्रार नसते. खोड मातीला टेकेल तिथे त्याला मुळं फुटतात. वांग्या-मिरचीला हे इतकं सहज जमत नाही. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली, तळाला भोकं, माती, गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, एवढ्यात एका झाडाचा संसार होतो. दोन झाडं एका बादलीत लावू नयेत. पाहुण्यांना एका खोलीत कोंबण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

आता बगलफूट.

टोमॅटोचं पान जिथे खोडाला मिळतं त्या बेचक्यात एक कोवळा फुटवा येतो. शेतकरी त्याला बगलफूट म्हणतात. दिसायला निरागस, हेतू मात्र स्वतंत्र झाड होण्याचा. प्रत्येक पानामागे एक. सगळ्या ठेवल्या तर महिन्याभरात गॅलरीत जाळी होते, आत हवा खेळत नाही, पानं ओली राहतात आणि करपा खालून वर चढतो. फळं लागतात, पण बारकी आणि सापडत नाहीत. म्हणून उंच जातीला एक खोड किंवा फार तर दोन ठेवायची आणि बाकीची बगलफूट बोटभर व्हायच्या आत खुडायची. सकाळी, दव सुकल्यावर, बाजूला वाकवली की टचकन मोडते. हाताला हिरवट-पिवळा चिकटा लागतो. धुताना साबणाचा फेस हिरवा होतो आणि वास पोळ्या लाटेपर्यंत बोटांवर राहतो. मला तो वास टोमॅटोच्या फळापेक्षा जास्त आवडतो. घरात हे मत माझं एकटीचं आहे.

खुडण्याआधी हात धुवावेत, हेही सांगायला हवं. तंबाखूच्या पानांना होणारा एक विषाणूजन्य रोग टोमॅटोलाही होतो आणि तो हातांवरून जाऊ शकतो. आमच्या सोसायटीचे माळीकाका फार प्रेमळ गृहस्थ, सल्ला द्यायला स्वतःहून वर येतात. पण सल्ला देताना डाव्या तळव्यावर अंगठा चालूच असतो. त्यांना साबण पुढे करताना किती जपून बोलावं लागतं ते मलाच ठाऊक. आता ते लांबूनच, हात मागे बांधून, झाडाकडे बघत सल्ला देतात. सल्ला पूर्वीइतकाच चांगला असतो.

तर मी बगलफूट खुडायला लागले आणि मागून आवाज आला, "अगं, वाढतंय ते का मोडतेस?"

सासूबाईंचं वय ८० च्या पुढे. त्यांच्या मते झाडाला फुटवा येणं हे लक्षण चांगलं आणि चांगल्या लक्षणाला हात लावू नये. मी त्यांना समजावलं की झाडाची शक्ती वाटली जाते, फळाला कमी पडते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही सहा भावंडं. कुणाला कमी पडलं?" यावर कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत उत्तर नाही.

वादावादी न करता त्यांनी आपला मार्ग काढला. मी खुडलेली प्रत्येक बगलफूट त्या उचलून नेत आणि स्टीलच्या ग्लासात पाण्यात उभी करून ठेवत. टोमॅटोचा हा फुटवा इतका चिवट असतो की आठवड्याभरात ग्लासात पांढरी मुळं दिसू लागतात. मग ते रोप एका डब्यात, आणि डबा कुणाच्या तरी दारात. आधी वॉचमनच्या खोलीबाहेर एक गेलं. मग गणपतीच्या देवळामागे. मग फुलपुडीवाल्याच्या घरी, इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी, पलीकडच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. सगळ्यांची जात एक, एवढंच नव्हे तर झाडच एक. फुटव्यापासून केलेलं रोप म्हणजे बीजातून आलेलं अपत्य नव्हे, ती मूळ झाडाचीच दुसरी हजेरी. थंडीच्या दिवसांत आमच्या गल्लीत ठिकठिकाणी माझंच झाड उभं होतं आणि त्याच्या प्रकृतीविषयी रस्त्यात अडवून मला जाब विचारला जात होता. "अहो, तुमच्या टोमॅटोची पानं वळायला लागलीत." पांढरी माशी आली असेल, पिवळा चिकट सापळा लावा, असं मी सांगायची. दातांच्या डॉक्टरांनी तो प्रतीक्षाकक्षात टांगला.

बगलफुटीवरून आमचा वाद मिटला असं वाटत असतानाच एक गोष्ट माझ्या वाचनात आली आणि माझी बाजू लंगडी पडली. उंच टोमॅटोचं आपण ज्याला मुख्य खोड म्हणतो ते मुळात एकसंध नसतंच. सुरुवातीचं खोड काही पानं काढून फुलांच्या घोसात संपतं. तिथे त्याचं काम खलास. मग त्या घोसाच्या लगेच खालच्या पानाच्या बेचक्यातला फुटवा जोरानं उठतो, घोसाला बाजूला सारतो, तीन पानं काढतो आणि तोही घोसात संपतो. मग त्याच्या बगलेतला पुढचा. दोन घोसांमध्ये तीन पानं मोजून पाहा, बहुतेक वेळा जुळतील. म्हणजे सहा फूट सरळ उभं दिसणारं ते खोड ही एकावर एक चढलेल्या बगलफुटींची माळ आहे, आणि थांबणाऱ्या जातीत ही माळ लवकर तुटते इतकाच फरक. मी इमानदारीनं हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे जी पुढे घुसली ती मुख्य, आणि बाकीच्यांना तू मोडतेस." आणि पुढची वात घेतली.

फुलं आली की दुसरी काळजी. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, पण पराग बंद नळीत असतात आणि टोकाच्या भोकातून थरथर झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. वाऱ्यानं काम होतं. भुंगा आला तर फारच उत्तम. तो फुलाला लटकतो आणि पंख न हलवता अंगातले स्नायू थरथरवतो, तेव्हा तो वेगळाच घूं आवाज येतो. मधमाशीला ही विद्या नाही. युरोपातल्या काचघरांत वारा नसतो, म्हणून पूर्वी माणसं विजेवर थरथरणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत फिरायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे खोक्यांतून पाळीव भुंगे सोडू लागले. आमच्या गॅलरीत भुंगा मनात येईल तेव्हाच येतो. मी दहा-साडेदहाला बांबूला टिचकी मारते. मुलानं बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश घोसाच्या देठाला लावून बघितला आणि पिवळी धूळ उडालेली दाखवली. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फक्त ब्रश कुणाचा होता हे त्यानं आधी विचारायला हवं होतं.

फळाच्या बुडाला काळा, दबलेला चट्टा पडतो, त्यावर मात्र मी थोडक्यात बोलणार आहे, कारण या विषयावर सोसायटीत पुष्कळ बोलून झालंय. कॅल्शियम कमी, हे निदान बरोबर. त्यावर एकानं चुना सांगितला, एकानं अंड्याची टरफलं. आमच्या शाकाहारी घरात टरफलं शेजारून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सासूबाई झोपल्यावर आली. काही उपयोग झाला नाही. टरफलं कुजायला महिने जातात, आणि मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. ते फळापर्यंत नेणारं पाणी आपण तीन दिवस विसरतो आणि चौथ्या दिवशी बादलीभर ओततो. रोज ठरल्या वेळी, मुळाशी, पानं न भिजवता पाणी घालावं. याहून गुप्त असा उपाय नाही. पिकत्या फळांना चिरा पडतात त्याही याच धांदलीनं.

आता वरच्या मजल्याची गोष्ट. फेब्रुवारीत शेंड्यानं आमच्या गॅलरीचा गज ओलांडला आणि वरच्या काकूंच्या कठड्याला हात घातला. काचघरवाले अशा वेळी खोड खाली सोडतात. वरून लटकवलेली सुतळी सैल करायची, खालचं पानं काढलेलं खोड जमिनीलगत आडवं निजवायचं, शेंडा पुन्हा हातात येतो. अशा वेली हंगामाअखेर दहा-दहा मीटर लांब होतात, पण कामगाराला शिडी लागत नाही. २००० साली इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये एक झाड १९.८ मीटर भरलं आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. त्या हिशेबानं आमचा तो आणखी पाच मजले सहज गेला असता. मी सुतळी सोडायला घेतली तर सासूबाई म्हणाल्या, "आता खाली ओढलंस तर काकूंना काय वाटेल?"

काकूंना फार छान वाटत होतं. त्यांच्या गॅलरीत ऊन जास्त, त्यामुळे वरची फळं आधी लाल होत. मूळ आमचं, फळ त्यांच्या दारात, यावर सोसायटीच्या नियमावलीत कलम नाही. गळतीचं आहे, पार्किंगचं आहे, कुत्र्यांचं आहे. कठड्याच्या वरचं त्यांचं, खालचं आमचं असा तह न बोलताच झाला. त्यांनी आपल्या बाजूनं चुरलेल्या साडीच्या काठाची एक पट्टी बांधून शेंड्याला आधारही दिला. आम्ही खालून साराचं पातेलं पाठवायचो. पातेलं रिकामं परत पाठवायची रीत नाही, म्हणून त्यातून कधी हिरव्या टोमॅटोची तीळकूट घातलेली चटणी यायची, कधी लाडू. दुसऱ्या मजल्यावर मात्र आमच्या बादलीचं पाणी वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं. तिकडून काही आलं नाही.

पैशाचं विचाराल तर हिशेब मांडू नका. २०२३ च्या जुलैत देशातल्या काही शहरांत किरकोळ टोमॅटो किलोला २०० रुपयांच्या पुढे गेला आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट २,००० रुपयांवर गेलं. तेव्हा सगळे मला म्हणत होते, तुझं बरं आहे. जुलैत माझ्या बादलीत नुसती माती होती. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. घरी जेव्हा फळांचा भर येतो तेव्हा थंडी असते आणि थंडीत मंडईतही टोमॅटो मुबलक असतो. बांबू, सुतळी, खत, बादली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सदऱ्याची इस्त्री धरली तर माझा टोमॅटो कधीच स्वस्त पडलेला नाही. आणि तो शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणेल इतका कधी येतही नाही.

तरीही घरासाठी लावायचा तर उंचच लावावा, हे माझं ठाम मत. बुटकी जात सगळी फळं एकदम अंगावर घालते; मग दोन दिवस घरभर सॉस उकळत राहतो आणि महिन्यानं बाटलीला बुरशी येते. उंच झाड रोज दोन-चार देतं. एक कोशिंबिरीत, दोन आमटीत. चार माणसांच्या घराला याहून जास्त कशाला हवं? तेही तीन-चार महिने सलग. चैत्र-वैशाखात रात्रीही गरम होऊ लागल्या की फुलं गळतात, उरलेली फळं लाल न होता पिवळट-नारिंगी राहतात. तेव्हा खतपाणी वाढवून उपयोग नसतो, झाड काढून टाकावं.

यंदा लावणार असाल तर बी ऑगस्टच्या अखेरीला पेरा म्हणजे सप्टेंबर संपता संपता रोप बादलीत जाईल आणि डिसेंबरात पहिलं फळ येईल. शेजारी झेंडू लावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला तिकडे वळतो. बांबू रोपाच्या आधी आणा. बी मिळालं नाही तर आमच्याकडे या, सासूबाईंकडे बगलफुटीची रोपं कायम तयार असतात. नेताना ग्लास मात्र रिकामा करून परत द्या. घरात पाणी प्यायला दोनच उरलेत.